दोनदा सांगणारा माणूस

“बोला. ऐकायला माणूस बसलंय. बोला, ऐकायला माणूस बसलंय.”

फोन उचलला की ते असं दोनदा म्हणायचे. ‘हॅलो’ हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. पहिल्या वेळी मला वाटलं, लाइनच खराब आहे, आवाज उलटून येतोय. म्हणून मी माझं वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागले, तर तिकडून खणखणीत उत्तर आलं, “ऐकलं की बाई! मला एकदा सांगितलं तरी कळतंय. दोनदा सांगायची खोड माझी हाय, तुमची न्हाय.”

आधीच सांगून टाकते, मी त्यांना कधी पाहिलं नाही. नाहीतर तुम्ही टोपी, चष्मा, मिशा शोधत बसाल. एखाद्या माणसाविषयी लिहायचं तर निदान त्याचं नाक तरी कसं होतं ते सांगावं, हे मलाही कळतं. पण माझ्याकडे फक्त त्यांचा आवाज आहे. आणि सोलापूरच्या स्टँडवर तुम्ही कधी उतरला असाल, तर तो तुम्हीही ऐकला असेल. ते कसं, ते पुढे येईलच.

मी तेव्हा नव्या पेठेत, साड्यांच्या एका दुकानावरच्या मजल्यावर कामाला होते. मोबाइलवर पैसे लावून रमी खेळवणारी एक कंपनी होती. कंपनी लांबच्या शहरातली; पण मराठीत गोड बोलणाऱ्या बायका सोलापुरात कमी पगारात मिळतात, हे तिला कुणीतरी सांगितलं असावं. आम्हाला दोन खोल्या, मध्ये प्लायवुडची भिंत. पलीकडच्या खोलीत लावण्या आणि तिच्या मैत्रिणी. खेळ सोडून गेलेल्या माणसांना फोन करून ‘आम्हाला तुमची आठवण येते, परत या, बोनस घ्या’ म्हणायचं, हे त्यांचं काम. अलीकडच्या खोलीत आम्ही. आमच्या दारावर पाटी होती, ‘जबाबदार खेळ विभाग’. जे फार खेळतात, फार हरतात, त्यांना फोन करून ‘जरा थांबा’ म्हणायचं, हे आमचं काम. हसू नका. दोन्ही खोल्यांचा पगार एकाच दिवशी व्हायचा आणि दुपारचा डबा आम्ही एकत्रच खायचो. लावण्याच्या आईच्या हातची शेंगाचटणी मी इतकी खाल्लीय की तिच्या कामाला नावं ठेवायला माझं तोंडच उरलं नाही.

आमच्या कामाची पद्धत अशी. समोर पडद्यावर प्रत्येकीच्या वाट्याला आलेल्या खेळणाऱ्यांची नावं, खरी नव्हे, त्यांनी खेळापुरती घेतलेली. सगळं नेहमीसारखं चाललेलं असलं की नाव हिरवं. माणूस भराभर हरायला लागला की नाव लाल. लाल झालं की नावापुढचं फोनचं चित्र दाबायचं. त्याचा नंबर आम्हाला दिसायचा नाही, आमचा त्याला दिसायचा नाही. मग कागदावरचं वाक्य म्हणायचं, “सर, आज आपण नेहमीपेक्षा जास्त खेळत आहात. आपण ठीक आहात ना?” त्यानंतर उपाय सांगायचे. रोजची मर्यादा घालून घ्या. आठवडाभर विश्रांती घ्या. आणि शेवटचा उपाय म्हणजे स्वतःला बंद करून घ्या. तसं केलं की सहा महिने तुम्ही कितीही दार ठोठावलं तरी खेळ उघडायचा नाही, आणि कुठल्याच खोलीतून तुम्हाला फोन जायचा नाही.

बहुतेक माणसं शिव्या द्यायची. “तुझ्या बापाच्या पैशानं खेळतोय का?” हे तर रोजचंच. काही जण नुसतं ‘ठीक आहे’ म्हणून फोन कापायचे. ‘आपण ठीक आहात ना?’ हा खरोखरचा प्रश्न आहे असं समजून उत्तर देणारा माणूस मला एकच भेटला.

“थांबा, सांगतो,” ते म्हणायचे आणि खरंच विचार करायचे. “सकाळी गुडघा धरला हुता, आता सुटलाय. भाकरी करपली, पण खाल्ली. शेजारचं कुत्रं दोन दिस दिसलं न्हाय, त्याची जरा काळजी हाय. एकंदरीत ठीक हाय. एकंदरीत ठीक हाय.”

आता यावर कागदात काही उत्तर दिलेलं नव्हतं. मी म्हटलं, “कुत्रं येईल हो, सर.”

“सर म्हणू नका. सर म्हटलं की मला शाळेतल्या छड्या आठवतात.”

मग मी काका म्हणायला लागले. आम्हा सगळ्या बायकांना कंपनीनं फोनवर सांगायला एकेक नाव दिलं होतं. मी ‘नेहा’ होते. त्यांनी ते पहिल्याच आठवड्यात उडवून लावलं. “तुमी नेहा न्हाय. ‘लई वेळ झाला काका’ असं म्हणणारी नेहा मी अजून बघितली न्हाय. तुमी हितल्याच हाय, सोलापूरच्या.” आपण कुठून बोलतो हे सांगायचं नाही, असा नियम होता. मी कागदावरचं पुढचं वाक्य वाचलं. ते हसले. “बरं बरं, नका सांगू. नियम म्हंजे नियम.” त्या दिवसापासून त्यांनी मला नेहा कधी म्हटलं नाही, खरं नावही विचारलं नाही. ‘बाई’ म्हणायचे, बस्स.

एका दुपारी बाहेर ऊन असं तापलं होतं की खालच्या दुकानवाल्यानं अर्धं शटर ओढून घेतलं होतं. त्यांचं नाव लाल झालं. मी फोन लावला आणि त्यांच्याकडची वीज गेली. “पंखा बंद झालेला आहे,” ते म्हणाले. “पंखा बंद झालेला आहे.” आणि हे त्यांच्या नेहमीच्या बोलण्यात नाही, अगदी शुद्ध, सरकारी, ठसठशीत मराठीत.

तो आवाज मी लहानपणापासून ओळखत होते. आई मला अक्कलकोटच्या वाटेवरच्या वळसंगला, आजोळी घेऊन जायची, तेव्हा स्टँडवरच्या भोंग्यातून हाच माणूस बोलायचा. ‘प्रवाशांनी लक्ष द्यावे. सोलापूरहून अक्कलकोटला जाणारी गाडी फलाटावर लागलेली आहे.’ एकदा झालं की पुन्हा तेच. आणि मग कानडी बायाबापड्यांसाठी हळूच एक गोड ‘बस बंतु, बर्री’, म्हणजे गाडी आली, या हो. आई म्हणायची, या माणसाच्या आवाजावर डोळे मिटून पोटची पोर सोपवावी.

मी नियम बियम विसरले. “काका, तुम्ही स्टँडवर होतात? माझं आजोळ वळसंग! तुमच्या आवाजावर आम्ही गाडी पकडायचो!”

मग म्हणाले, “मिळायची का गाडी?”

“नेहमी.”

“मग झालं,” ते म्हणाले. “मग झालं.”

त्या फोनबद्दल मला साहेबांची बोलणी खावी लागली. आमचे साहेब दुसऱ्या शहरात बसून आमचे फोन ऐकायचे आणि पडद्यावर येऊन बोलायचे. वैयक्तिक माहिती द्यायची नाही, तीन मिनिटांच्या वर जायचं नाही. मी मान हलवली आणि कानाला खडा लावला. तो खडा पुढच्या लाल नावापर्यंत टिकला.

हळूहळू मला त्यांचं घर ऐकून ऐकून माहीत झालं. स्टँडच्या मागं कुठंतरी दोन खोल्या. बायको वारलेली. मुलगी हैदराबादला, नोकरी आणि दोन मुलं यात पिचलेली. निवृत्तीनंतर स्टँडवर यंत्राचा आवाज आला, त्यामुळे कधीतरी बोलावतील ही आशाही संपली. “आयुष्यभर हजारो माणसांशी बोललो,” ते म्हणायचे, “आन आता भाजीत मीठ टाकलं तरी म्हणतो, मीठ टाकण्यात आलेलं आहे. ऐकायला कोण? तर मीच.” हे सांगताना ते स्वतःच मोठ्यानं हसायचे. मीही हसायचे आणि फोन ठेवल्यावर मला जेवण जायचं नाही. माझ्या घरी मी आणि सासूबाई. नवरा ट्रकवर, महिन्यातून आठवडाभर घरी. सासूबाईंना ऐकू येत नाही. दिवसभर बोलून घरी गेले की माझ्याशी बोलायला तरी कोण होतं?

एका गोष्टीवर मात्र ते भयंकर चिडायचे. या खेळांच्या जाहिराती तुम्हीही पाहिल्या असतील. मोठा नट येऊन सावकाश, गोड आवाजात ‘या, खेळा’ म्हणायचा, आणि शेवटी कुणीतरी कुत्रं मागं लागल्यासारखं एका दमात बोलून जायचं, की यात आर्थिक जोखीम आहे, सवय लागू शकते, जबाबदारीनं खेळा. कायद्यानं सांगितलेली सूचना, म्हणून उरकायची.

“ही काय घोषणा झाली?” ते कडाडायचे. “फलाटावर म्हातारी बोचकं घेऊन उभी हाय असं धरून बोलायचं असतं. तिला ऐकू गेलं का, कळलं का, बोचकं उचलायला वेळ मिळाला का! हे तर गाडी निघून गेल्यावर सांगत्यात, की गाडी निघून गेली.” आणि मग ती सूचना त्यांनी मला म्हणून दाखवली. सावकाश, एकेक शब्द सुटा, दोनदा. खरं सांगते, मी रोज ती वाक्यं वाचत होते, पण सवय लागू शकते म्हणजे काय, ते मला त्या दुपारी ऐकू आलं.

“मग काका, इतकं कळतं तर खेळता कशाला?” मी विचारलं.

“भिंतीपलीकडं कोण ओरडतंय वो?” त्यांनी विषय बदलला. लावण्याचा आवाज प्लायवुडमधून फोनमध्ये जात होता. पलीकडची खोली काय करते, ते मी सांगितलं. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. “म्हंजे ती पोरगी आवतण देणार आन तुमी ताटावरनं उठवणार? झकास! झकास कारभार हाय!”

खेळता कशाला, याचं उत्तर मला पडद्यावर सापडलं. साहेबांनीच दाखवलं. “या माणसाचं काहीतरी विचित्र आहे,” ते म्हणाले. आम्हाला खेळाडूंचे जुने डाव बघता यायचे. मी त्यांचे डाव उघडून बघितले आणि बघतच राहिले. हातात सुंदर पानं यायची. क्रम लागलेला, जोकर हातात, एक पान आलं की डाव जिंकला, अशी. आणि हा माणूस लागलेला क्रम हातानं मोडायचा, डाव लागलेला नसताना ‘लागला’ म्हणून जाहीर करायचा. रमीत याला सगळ्यात मोठी शिक्षा असते, पूर्ण हार. असं लागोपाठ करायचे, नाव लाल होईपर्यंत. लाल झालं, माझा फोन गेला, की खेळ बंद. आणि दर रविवारी काहीच नाही. एकही रविवार असा नाही की ज्या दिवशी त्यांनी पत्त्याला हात लावला.

दुसऱ्या दिवशी नाव लाल झालं तेव्हा मी कागद बाजूला सारला.

“काका, तुम्ही रविवारी का खेळत नाही?”

“रविवारी लेकीचा फोन असतो.”

“आणि बाकीचे दिवस?”

यंत्रमागाचा आवाज येत होता त्यांच्याकडून, शेजारी कुठं चालू असावा.

“बाकीचे दिवस तुमचा असतो की,” ते म्हणाले.

मला राग आला. रडू यायच्या आधी मला नेहमी राग येतो. मी म्हटलं, “काका, अक्कल गहाण टाकलीत का? फोनवर चार शब्द बोलायला मिळावेत म्हणून माणूस हातानं डाव मोडतो? कुठून आणता हे पैसे?”

“फंडाचं हायत,” ते म्हणाले. “बायकोच्या दवाखान्याला ठेवलं हुतं. तिनं वापरलंच न्हाय, एका रात्रीत गेली. मग म्हटलं, ठेवून करायचं काय? तुमी विचारता, ठीक हाय का. दुसरं कोण विचारतंय? जाऊ द्या की. माझा पैसा, माझी दुपार.”

“आणि फंड संपल्यावर?”

“मग नाव लाल व्हायचं न्हाय,” ते म्हणाले, आणि हसायचा प्रयत्न केला.

तेव्हा मी त्यांना खरं ते सांगितलं. म्हटलं, “काका, सकाळी कामावर आले की मला तुमचं नाव बघायची भीती वाटते. हिरवं असलं की वाटतं, आता मोडतील डाव. लाल झालं की वाटतं, गेले आज किती. तुमच्याशी बोलायला मला फार आवडतं, पण तुम्ही हरल्याशिवाय मला तुमच्याशी बोलता येत नाही, हे मला सहन होत नाही.”

आयुष्यभर ज्यांनी लोकांना वेळेवर गाडीत बसवलं, त्यांना आपल्या पायी कुणी भेदरून बसलंय हे ऐकणं जड गेलं असणार. शेवटी म्हणाले, “ते बंद करून घ्यायचं काय असतं म्हणाला हुता?”

“सहा महिने खेळ उघडणार नाही.”

“आन फोन?”

“फोनही येणार नाही.”

“म्हंजे बुडणाऱ्याला फोन, काठावर आला त्याला न्हाय.”

“हो काका.”

“अजब न्याय हाय. पण नियम म्हंजे नियम. करा बंद.”

बंद करताना तीन प्रश्न विचारावे लागायचे. तुम्ही स्वखुशीनं करताय का, तुम्हाला परिणाम माहीत आहेत का, तुमची खात्री आहे का. त्यांनी तिन्हींना ‘व्हय’ म्हटलं. मग खेळाडूनं आपल्या शब्दांत एक वाक्य बोलायचं असतं, नोंदीसाठी. मी म्हटलं, “काका, आता तुम्ही बोला.”

त्यांनी घसा साफ केला. “प्रवाशांनी लक्ष द्यावे. सोलापूरहून सुटणारी दुपारची गाडी आजपासून रद्द करण्यात आलेली आहे. प्रवाशांनी वाट पाहू नये.”

आणि मग पुन्हा. दुसऱ्या वेळी ‘वाट पाहू नये’ म्हणताना आवाज अडकला. भोंग्यातून इतकी वर्षं ऐकला, पण तो आवाज अडकलेला मी कधी ऐकला नव्हता. मी तोंडावर पदर धरून बसले. शेजारच्या बायका आपापले फोन धरून माझ्याकडे बघत होत्या.

“माझं नाव आता कसं दिसतंय?” त्यांनी विचारलं.

“राखाडी.”

“बरं दिसत असंल,” ते म्हणाले. “ठेवा बाई आता. दुसरं कुणीतरी लाल झालं असंल.”

त्यानंतर दुपारी मी ते राखाडी नाव बघायचे. बघण्यात काही गैर नव्हतं. फोन लावला तर नोकरी जाणार, आणि लावून तरी काय म्हणणार? ‘आपण ठीक आहात ना’ हे विचारायला कारण लागायचं, आणि ते कारण तर आम्ही दोघांनी मिळून पुसून टाकलं होतं. स्टँडमागच्या गल्ल्यांतून मी एकदोनदा उगाच चक्कर मारून आले. आवाज कुठं दारावर लिहिलेला असतो?

सहा महिने झाले. एके दिवशी डबा उघडता उघडता लावण्या म्हणाली, “अक्का, आज एक भारी म्हातारा भेटला. बंदी संपलेल्यांची यादी आली होती आमच्याकडे. मी म्हटलं, काका, आम्हाला तुमची आठवण येते, परत या. तर म्हणतात कसे, ‘ए पोरी, भिंतीपलीकडं बाई हाय का अजून?’”

माझा घास हातात राहिला. “मग?”

“मी म्हटलं, आहे. तर म्हणाले, ‘तिला सांग, मी येत न्हाय. तिला सांग, मी येत न्हाय.’ दोनदा. मी म्हटलं, अहो, मोठा बोनस आहे. तर मलाच विचारलं, ‘तू जेवलीस का?’ अक्का, आजपर्यंत मला फोनवर कुणी हे विचारलं नव्हतं. तुम्ही रडताय कशाला?”

काय सांगणार तिला? फुकटचा बोनस समोर होता, एकदा ‘हो’ म्हटलं असतं तर चार दिवसांत नाव लाल झालं असतं आणि पुन्हा दुपारी माझा फोन गेला असता. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी त्यांनी मला निरोप धाडला, तो हा.

मग दिल्लीत कायदा झाला. पैसे लावून खेळायचे मोबाइलवरचे सगळे खेळच बंद. नट गेले, बोनस गेला, दोन्ही खोल्या गेल्या. बरंच झालं. माझी नोकरी गेली तरी म्हणते, बरंच झालं. एका खोलीतून ओढायचं आणि दुसरीतून सोडवायचं, ही कसली राखण? फक्त दुपारी रिकाम्या घरात बसलेल्या माणसाला ‘ठीक आहात ना’ हे कुणी विचारायचं, ते त्या कायद्यात नसावं. मी काही तो वाचलेला नाही म्हणा.

शेवटच्या दिवशी खाली टेम्पो उभा होता. माणसं खुर्च्या उतरवत होती, लावण्या तिच्या खोलीतलं घड्याळ पिशवीत घालत होती. माझा संगणक तेवढा अजून चालू होता. आता साहेब ऐकत नव्हते, नियम उरला नव्हता. मी त्यांचं नाव शोधलं. पुढचं फोनचं चित्र दाबलं. काय बोलायचं तेही ठरवलं होतं. म्हणणार होते, काका, लाल नाही, हिरवं नाही, आज असाच फोन केलाय. जेवलात का?

“आपण संपर्क साधू इच्छित असलेला क्रमांक सध्या अस्तित्वात नाही,” यंत्रातली बाई म्हणाली. मग तेच हिंदीत, मग तेच इंग्रजीत.

मुलीनं नेलं असेल हैदराबादला. तिकडचं नवीन सिम घेऊन दिलं असेल, नातवंडांना ते सांगत असतील की भात वाढण्यात आलेला आहे. मी तसंच धरून चालते. दुसरं काही धरायला माझं मन धजत नाही.

टेम्पोवाला वर येऊन म्हणाला, “ताई, उठा, खुर्ची न्यायचीय.” मी त्याला हातानं थांब म्हटलं. हेडफोन कानावर तसाच होता. ती बाई मराठीत एकदाच बोलली होती, आणि मी दुसऱ्यांदा ऐकायला थांबले होते.